तायडेबाईंचं वजन

आमच्या शाळेच्या वर्गांना दोन झडपांची दारं होती आणि त्यातली एक झडप कायम खिटी लावून बंद असायची. गणिताच्या तासाआधी मात्र कुणीतरी मुलगी उठायची, खिटी काढायची, दार पूर्ण उघडायची आणि जागेवर जाऊन बसायची. तास संपला की दुसरी एखादी ती झडप पुन्हा लावून टाकायची. मुलींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पाचवीत आलेल्या मुली वरच्या वर्गातल्यांचं बघून शिकायच्या. त्यावर कुणी हसत नसे. तायडेबाई आत यायच्या, टेबलावर हात टेकून दम घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. काल कुठे होतो आपण?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एकोणीसशे बासष्ट साली. लग्न होऊन पुण्याहून अकोल्याला आले होते. यजमान बँकेत होते. मी चोवीस वर्षांची, बी. ए. बी. टी., मराठीची शिक्षिका. आल्याआल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली याचा मला फार अभिमान होता. आणखी एका गोष्टीचा होता. मला चटकन चार ओळी जुळवता यायच्या. कुणाच्या बदलीवर, कुणाच्या नव्या साडीवर मी तिथल्या तिथं कविता करायची आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा. परक्या गावात माणसं जोडायला मला तेवढंच साधन होतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

तायडेबाई तेव्हा अडतिशीच्या होत्या. पांढरं, बारीक काठाचं लुगडं, त्याला कडक खळ. मनगटावर पुरुषांचं घड्याळ, कारण बायकांच्या घड्याळाचा पट्टा त्यांना पुरत नसे. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि वर्गाच्या बाहेर पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी. गणित अडलं म्हणून एखादी मुलगी मुसमुसायला लागली की म्हणायच्या, "आधी मांडा, मग रडा." मुलगी मांडायला लागायची आणि रडायचं राहून जायचं.

त्यांचे वडील कापसाच्या बाजारात हमाल होते. आई एका खानावळीत भांडी घासायची. स्कॉलरशिपवर शिकून, अमरावतीच्या वसतिगृहात राहून त्या मॅट्रिक आणि मग पदवीधर झाल्या होत्या. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर नागपूरला जाऊन त्यांच्या घरानं धम्म घेतला होता. लग्न केलं नव्हतं. धाकट्या तिन्ही भावंडांचं शिक्षण त्यांनीच केलं. हे सगळं मला त्यांनी एकदम बसून सांगितलेलं नाही. पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि बरंचसं मी विचारलंच नाही म्हणून उशिरा कळलं.

मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या बायका डबे घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसायचो. तायडेबाई गणिताचं साहित्य ठेवायच्या खोलीत एकट्या जेवायच्या. "तिथं हवा चांगली येते," म्हणायच्या. त्या खोलीला एक झरोका होता, तोसुद्धा नकाशांच्या गुंडाळ्यांनी झाकलेला. त्या एकट्या का जेवत असतील याची दोन कारणं मला सुचली होती. एक त्यांच्या अंगाचं, दुसरं त्यांच्या जातीचं. पहिलं मानायला सोपं होतं. जाड माणसाला चारचौघांत खायची लाज वाटत असेल, असं मी ठरवून टाकलं. डबा उचलून त्यांच्या खोलीत जावं असं एकदाही केलं नाही. दहा पावलांवर होती खोली.

तायडेबाई रेल्वेलाईनच्या पलीकडून शाळेत चालत यायच्या. घरून तासभर आधी निघायच्या आणि वाटेत तीन ठिकाणी थांबायच्या. सायकलरिक्षात मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. एकदा उन्हाळ्यात त्यांची अवस्था पाहून मीच रिक्षा थांबवली. त्यांनी रिक्षावाल्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस होता. म्हणाल्या, "तुमी जा दातेबाई. याच्या छातीवर बसल्यासारखं वाटते मले." आणि छत्री उघडून चालायला लागल्या. मी रिक्षात बसून पुढं गेले.

पण त्याच धापेचा त्यांनी एकदा असा उपयोग करून घेतला, की मी ते कधी विसरणार नाही. नववीतल्या पुष्पा नावाच्या मुलीचं नाव तिच्या वडिलांनी शाळेतून काढलं. जठारपेठेत त्यांचं सायकलींचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. मुलगी गणितात फार हुशार होती. हेडमास्तरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं नाही. मग तायडेबाई स्वतः गेल्या. मलाही त्यांनी सोबत नेलं होतं. दुकानासमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "दमली मी. बसते जरा." दुकानदारानं घाईघाईनं ओटा झाडला. बाई बसल्या. शाळेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पाणी प्याल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून एक उदाहरण सांगायला लागल्या. नळ आणि हौदाचं होतं. आतून पुष्पाचं उत्तर आलं. मग दुसरं उदाहरण. अर्ध्या तासानं त्या उठल्या, "येते," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दमल्या. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाइकं उभी राहून ऐकायला लागली. एक म्हातारा गिऱ्हाईक पुष्पाच्या आधी उत्तर द्यायला बघायचा आणि चुकायचा. चौथ्या दिवशी दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी असं रोज एवढं चालून काहून येता? पोरगी पाठवतो ना मी उद्यापासून." तायडेबाई म्हणाल्या, "पाठवा. माह्या जिवाचे हाल वाचतीन." परत येताना त्या हसत होत्या. मला म्हणाल्या, "शरीर कुठे तरी कामी आलं पायजे."

या शरीराला सल्ला द्यायचा हक्क मात्र गावात प्रत्येकाला होता. शाळेचा शिपाई त्यांना लिंबू आणि मध सांगायचा. पालक भेटायला यायचे ते मुलीच्या मार्कांचं विचारून झाल्यावर ओवा आणि गरम पाण्याचं सांगायचे. एका वैद्यांनी महिनाभर ताकावर ठेवलं होतं. कुणी पोटावर बांधायचा रबरी पट्टा आणून दिला. मग गावातल्या एका डॉक्टरांनी बारीक व्हायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी भूक मेली खरी, पण झोपही गेली. छातीत धडधडायचं. खडू धरलेला त्यांचा हात फळ्यावर थरथरताना मी दारातून पाहिला आहे. वर्तुळ काढायला त्यांना कधी दोरी लागत नसे. त्या दिवसांत त्यांची वर्तुळं वाकडी यायची. तीन महिन्यांनी त्यांनी गोळ्या बंद केल्या. गेलेलं वजन परत आलं आणि वर थोडं आणखी आलं.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात त्या मला म्हणाल्या, "शनिवारी अमरावतीले येता काय माह्यासंगं? एक डॉक्टरीणबाई हाये म्हणतात. ऐकायचं ते एकटीनं ऐकवत नाई आता."

माझी नणंद अमरावतीला असायची. मी गेले.

डॉ. कमल वरुडकर यांचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर बाकावर बाया बसलेल्या. काही हातमागाच्या लुगड्यातल्या, काही दागिन्यांनी मढलेल्या, पण बहुतेक अंगानं जाड. डॉक्टरीणबाई स्वतः किडकिडीत, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी आधी तपासलं. लघवी तपासली, साखर निघाली. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "काय खाता, ते मी नंतर विचारीन. आधी सांगा, ताटात कधी काही टाकता का?"

"नाई."

"पोट भरलं तरी?"

"पोट भरलं हे मले कळत नाई," तायडेबाई म्हणाल्या. टेबलावरच्या काचेवर त्यांनी बोटानं एक गोल काढला. मग म्हणाल्या, "माही माय खानावळीतून उरलेलं आणायची. एका परातीत वतायची अन् आमी चौघं भवती बसायचो. ज्यानं हात थांबवला त्याचं संपलं. मले थांबायचं कोनी शिकवलंच नाई."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं, औषधाचं नाव लिहावं तसं. म्हणाल्या, "मग आपण तेच शिकू. उपास करायचे नाहीत. तीन वेळा जेवायचं. निम्मं जेवण झालं की ताट बाजूला सरकवायचं आणि घड्याळात पाच मिनिटं बघायची. मग वाटलं तर पुन्हा ओढायचं. तुमच्या ताटाला कुणी हात लावणार नाही."

मी मध्येच म्हणाले, "गोळी नाही का काही?" मला ते फारच किरकोळ वाटलं होतं.

"खात्रीची नाही," त्या म्हणाल्या. "असती तर मी लपवून ठेवली नसती. हे काम सावकाशीचं आहे." मग चष्मा पुसत त्या जे बोलल्या ते माझ्या लक्षात आहे. "आपल्याकडे खायला मिळत नाही म्हणून माणसं आजारी पडतात, ते सगळ्यांना दिसतं. त्यासाठी सरकार आहे, दुधाची पावडर आहे. ह्या बाहेर बसल्यात त्यासुद्धा आजारीच आहेत, पण त्यांना आजारी कुणी म्हणत नाही. खादाड म्हणतात. आणि दोन्ही आजार एकाच घरात असतात हे तर कुणाच्या ध्यानातच येत नाही."

त्या दर दुसऱ्या शनिवारी अशा बायांना एकत्र बोलवायच्या. वजन, साखर, थोडं बोलणं, आणि मागच्या मोकळ्या जागेत चालणं. बाहेरगावाहून बाया येतात हे ऐकून मला नवल वाटलं होतं.

अडचण वजनाची आली. दवाखान्यातला काटा शंभर किलोला संपत होता. तायडेबाई उभ्या राहिल्या आणि काटा शेवटाला जाऊन तिथंच थरथरत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अकोल्यात कुठं सोय होईल का? आकडा मला हवा आहे. दर महिन्याला."

परतीच्या वाटेत बडनेऱ्याला गाडी बदलून तायडेबाई खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "कापसाच्या बाजारात मा बाप काम करायचा त्या अडतीवर काटा हाये. मापारी ओळखीचा हाये. रविवारी बाजार बंद राहते. याल?"

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मोठं पटांगण रिकामं होतं, जमिनीवर सरकीची पांढरी धूळ. मापारी म्हणजे माल मोजणारा माणूस. तो सत्तरीचा असेल, डोक्याला मुंडासं. "किसनाची पोरगी ना तू?" म्हणाला, आणि काट्याच्या फळीवर आपल्या खांद्यावरचा पंचा अंथरला. जिथं कापसाच्या गाठी चढवायच्या तिथं तायडेबाई चपला काढून चढल्या. शेजारी गाठी ओढायचे लोखंडी आकडे टांगलेले होते. म्हाताऱ्यानं वजनं लावली, दांडी स्थिर होऊ दिली, आकडा बघितला, आणि मग त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्या उतरेपर्यंत तो वळला नाही. आकडा त्यानं बाईंच्या कानाजवळ येऊन सांगितला. तो मला ऐकू आला नाही. बाईंनीच सांगितला मला वाटेत. एकशे अकरा.

"हे तुमच्यात अन् माह्यात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय," मी म्हणाले.

पुढचे महिने त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. नकाशांच्या खोलीत त्या जेवायला बसल्या की घड्याळ काढून पुढ्यात ठेवायच्या. घरी स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरून रोज लघवी तपासायच्या आणि तो रंग आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी भरायच्या. निळा म्हणजे चांगला, विटकरी म्हणजे वाईट. हळूहळू कागद निळा होत गेला. वाटेतल्या तीन थांब्यांचे दोन झाले. अमरावतीला त्या न चुकता जायच्या. काट्यावर मात्र त्या आता एकट्याच जायच्या, कारण रविवारी सकाळी लवकर उठणं माझ्यानं होत नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत चहा चालला होता आणि तायडेबाईंच्या वजनावरून गोष्ट निघाली. अशी ती अधूनमधून निघायचीच. शिवणाच्या बाई म्हणाल्या, नव्वद असेल. भूगोलाच्या म्हणाल्या, शंभरच्या वर. सगळ्या अंदाज करायला लागल्या आणि मी हसत राहिले. मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, या गोष्टीची चव फार गोड होती. कुणीतरी म्हणालं, "दातेबाई, तुम्ही त्यांच्याबरोबर फिरता. तुम्हाला ठाऊक असणार."

मी सांगितलं. नुसता आकडा नाही, सगळं सांगितलं. बाजार, काटा, टांगलेले आकडे. म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. त्यानं पाठ फिरवली होती हे मात्र गाळलं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शिवणाच्या बाईंना हसताना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि दुसऱ्यांदा मी ती जास्त चांगली सांगितली.

त्या वर्षी देशात धान्याची टंचाई होती. सोमवारी एक वेळचं जेवण सोडा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद असायची. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आलं. त्यात फिशपाँड असायचे, म्हणजे ज्याच्या त्याच्यावर चिठ्ठीत दोन ओळींची थट्टा लिहायची, ती ध्वनिक्षेपकावर वाचायची आणि ज्याच्यावर लिहिली त्यानं स्टेजवर येऊन चिठ्ठी घेऊन जायची. शिक्षकांवरचे फिशपाँड दरवर्षी मीच लिहायची. त्या वर्षी चौदा लिहिले. त्यातला एक असा होता:

कापसाच्या काट्यावर गाठ एकशे अकरा भरली,
सोमवारी बाई जेवल्या नाहीत, गावाची टंचाई सरली.

लिहिताना मला वाईट वाटलं का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नाही वाटलं. 'भरली' आणि 'सरली' जुळलं याचाच आनंद झाला होता.

दहावीतल्या एका मुलीनं ते वाचलं. तिला बिचारीला अर्थही नीट लागला नसेल. मांडवात आधी शिक्षक हसले, मग पालक, मग मुली. तायडेबाई मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या. तिथून स्टेजपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ हसणं चालू होतं. पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याला धरलं. चिठ्ठी घेतली, स्वतः एकदा वाचली, घडी केली आणि हातातल्या पिशवीत ठेवली. मग ध्वनिक्षेपकाजवळ जाऊन, वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "आकडा बरोबर आहे, पण जुना आहे. आता एकशे चार आहे."

आणि खाली उतरल्या.

मग कुणीतरी घाईघाईनं पुढची चिठ्ठी वाचायला सांगितली. मी पडद्यामागं उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी त्या शाळेत आल्या. माझ्याकडे हजेरीचा तक्ता मागितला, मी दिला, "बरं," म्हणाल्या. कसलाही फरक नाही. मी ठरवलं की त्यांना कळलेलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ते खेळीमेळीनं घेतलं आहे. पण जानेवारीपासून त्यांचं शनिवारचं अमरावतीला जाणं बंद झालं. नकाशांच्या खोलीत त्या जायच्या, डबा मात्र नसायचा. सोमवारी त्या एक वेळ नाही, दोन्ही वेळ उपाशी राहायच्या. मग गुरुवारीही. मार्चमध्ये आठवीच्या वर्गात त्यांना घेरी आली. मुलींनी दोन बाकं जोडून त्यांना निजवलं.

त्याच महिन्यात नणंदेकडे गेले असताना डॉक्टरीणबाई मला रस्त्यात भेटल्या. त्यांनी मला ओळखलं. "तुमच्या तायडेबाई किती छान येत होत्या. डिसेंबरपर्यंत एकदाही चुकल्या नाहीत. काय झालं, तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणाले, "नाही हो."

"त्यांना सांगा, आकडा वाढला असेल तरी यायचं. मी रागवत नसते. आणि साखर असताना उपास करणं वाईट, हे आवर्जून सांगा."

हा निरोप मी शिपायाकरवी चिठ्ठीनं पाठवला. समोर जाऊन सांगायचं धैर्य नव्हतं, आणि चिठ्ठी पोचली की नाही हेही मी विचारलं नाही.

मे महिन्यात तायडेबाईंच्या उजव्या पायाला चपलेचा खिळा लागला. त्यांना तो कळलाही नाही. साखर वाढली की पावलांना बधिरपणा येतो, हे मला नंतर समजलं. जखम चिघळली. भावानं अमरावतीला नेलं, तिथं दोन बोटं काढावी लागली. शाळा उघडल्यावर ही बातमी आली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्या हळहळल्या. शिवणाच्या बाई माझ्याकडे बघून चटकन दुसरीकडे बघायला लागल्या.

मी त्यांच्या घरी गेले. चार वर्षांतली ती पहिली वेळ. दोन खोल्या, शेणानं सारवलेल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांची फळी. त्या खाटेवर पाय लांब करून वह्या तपासत होत्या. भावजयीनं चहा आणला. मी घोट घेतला आणि म्हणाले, "तायडेबाई, ते गॅदरिंगचं..."

"अक्षर तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "पाचवीच्या पोट्टीलेबी समजलं असतं."

"मला माफ करा."

त्यांनी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली, बाजूला ठेवली. "वजनाचं मले काई वाटलं नाई. वजन साऱ्या गावाले दिसते. पण तो म्हातारा, त्याले लिहितावाचता येत नाई, तो पाठ करून उभा राहिला. त्यानं आजवर कोनाले सांगतलं नाई. तुमी शिकलेल्या. तुमच्यासमोर मी चपला काढून उभी राहिली होती." मग पुढची वही ओढत, "अन् त्या दुसऱ्या ओळीचं वाईट वाटलं. कोनाच्या वाट्याचं खाल्लं मी? आमच्या परातीत दुसऱ्याचं उरलेलं होतं, दुसऱ्याच्या वाट्याचं नव्हतं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

"माफी मांगून तुमाले हलकं वाटन," त्या म्हणाल्या. "मले काय वाटन ते मी पाहून सांगीन. तवपर्यंत एक काम करा. डॉक्टरीणबाईकडे मी परत जायले लागली. तिथं खेड्यातल्या बाया येतात. काय खायचं, किती चालायचं, लघवी कशी तपासायची, त्याइले कागद पायजेत. मोठ्या अक्षरात, सोप्या भाषेत. कोनी वाचून दाखवलं तर समजन असे. तुमाले लिहिता येते ना चांगलं. लिहा."

मी लिहिते म्हणाले. घरी येऊन एक कागद लिहिला, भाकरी आणि भाजीचा. त्यांनी तो शिपायाच्या हाती परत पाठवला, लाल शाईनं चार ठिकाणी खुणा करून. 'मिताहार' शब्दाखाली रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'हे कोणत्या बाईला कळेल?' मी तो सुधारून दिला. दुसरा लिहायला घेतला तोवर यजमानांची बदली जळगावला झाली. बांधाबांध, मुलाचं आजारपण, नवं घर. लिहायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकते, आणि त्या वर्षी जळगावच्या महिला मंडळासाठी मी एक अख्खं प्रहसन लिहिलं होतं हेही मला सांगितलं पाहिजे.

तायडेबाईंनी पुढच्या वर्षी अमरावतीच्या शाळेत बदली करून घेतली, दवाखाना जवळ पडावा म्हणून. हे मला पुष्पाच्या पत्रातून कळलं. ती बी. एस्सी.ला होती. तिनं लिहिलं होतं की शनिवारचा वर्ग आता बाईच चालवतात, डॉक्टरीणबाई फक्त तपासतात. बाईंचं वजन शंभराच्या आत आलं आणि साखर ताब्यात आहे. दवाखान्याच्या काट्यावर पहिल्यांदा आकडा दिसला त्या दिवशी बाईंनी सगळ्या बायांना तो मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. पत्राच्या शेवटी पुष्पानं पत्ता दिला होता. मी पत्र लिहिलं नाही.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात चुलतदिराच्या मुलीच्या लग्नाला आम्ही परतवाड्याला निघालो होतो. अमरावतीत आमची एस. टी. एका मैदानाच्या कडेला उभी राहिली. पुढं कसलीशी बैलगाडी कलंडली होती आणि रस्ता अडला होता. सकाळची साडेसात-आठची वेळ. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मैदानात पंधरा-वीस बाया ओळीनं चालत होत्या. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, एकीच्या डोक्यावर पदर, एकीच्या पायात पुरुषी बूट. सगळ्यांच्या पुढं तायडेबाई होत्या. हातात काठी होती आणि उजवं पाऊल त्या जरा बाहेर टाकत होत्या. पहिल्यापेक्षा बारीक झाल्या होत्या, पण बारीक म्हणता येणार नाही अशाच होत्या. एका ठिकाणी त्या दम घ्यायला थांबल्या तशी सगळी ओळ थांबली. मागच्या बाईनं काहीतरी म्हटलं, तायडेबाईंनी मान मागं वळवून उत्तर दिलं, आणि ती सगळी ओळ हसायला लागली. तायडेबाई सगळ्यात जास्त हसत होत्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

यजमानांनी विचारलं, "कोण आहे? ओळखीचं आहे का कुणी?"

"नाही," मी म्हणाले.

आमची गाडी तिथं चांगली वीस मिनिटं उभी होती. बरीच माणसं खाली उतरली, चहा पिऊन आली.